उपग्रहांचं पंचांग

मुरगूडबद्दल उपग्रहांचा माग काढणाऱ्या प्रोग्रामांना तीनच आकडे लागतात: अक्षांश १६ अंश २४ कला उत्तर, रेखांश ७४ अंश १२ कला पूर्व, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची. वेदगंगेला पाणी किती, सर पिराजीराव तलाव भरला का, निपाणीची एसटी सुटली का, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. आकडे भरले की यादी समोर येते. अमुक उपग्रह सकाळी दहा वाजून इतक्या मिनिटांनी उत्तरेला उगवेल, माथ्याच्या इतक्या जवळून जाईल, इतक्या वाजता दक्षिणेला मावळेल. हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम, अशा एका फेरीला ‘पास’ म्हणतात. पास दहा-बारा मिनिटांचा. तो चुकला की पुढच्याची वाट बघत बसायचं. म्हणून हॅमच्या घरात या यादीला पंचांगाचा मान असतो.

पंचांग मुळात कसं बांधलं जातं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे प्रोग्राम आतून उघडून दाखवले तर फारसं काही परकं वाटणार नाही. त्यांचा इतिहास अमेरिका आणि इंग्लंडमधल्या १९८०च्या दशकापासून सांगायची पद्धत आहे. मी तो जरा आधीपासून सांगतो.

कोकणात मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावी गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ‘ग्रहलाघव’ रचला. ग्रह आज कुठे आहे हे काढायची रीत तोवर पक्की झालेली होती. एका ठरावीक दिवशी ग्रह कुठे होता ते घ्यायचं. त्या दिवसापासून आजपर्यंत किती दिवस लोटले ते मोजायचं, हा अहर्गण. त्याला रोजच्या मध्यम गतीने गुणायचं. ग्रह सारख्या वेगाने चालत नाही, त्यामुळे जो फरक पडतो तो मंदफलाने दुरुस्त करायचा. शेवटी आपलं गाव उज्जयिनीच्या रेषेपासून किती दूर आहे ते पाहून देशांतर संस्कार करायचा. मुरगूडसाठी तो सुमारे सोळा पळांचा येतो.

अडचण होती ती आकडेमोडीच्या ओझ्याची. कलियुगारंभापासून मोजलं तर १५२० पर्यंत सुमारे १६ लाख ८८ हजार दिवस होतात. एवढ्या संख्येचे गुणाकार-भागाकार गावच्या जोशाने करायचे, वर ज्या (म्हणजे साइन) आणि चापांची कोष्टकं सांभाळायची. गणेशाने दोन्ही ओझी उतरवली. आरंभाचा दिवस स्वतःच्या काळात आणला, पुढचे दिवस ४०१६ दिवसांच्या, साधारण अकरा वर्षांच्या, चक्रांत बांधले आणि ज्या-चापांना रजा देऊन त्यांच्या जागी साधी सूत्रं बसवली. अचूकपणात किंचित तडजोड झाली, पण गणित पाटीवर मावू लागलं. महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर पंचांगं पुढे कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चालली. मल्लारी आणि विश्वनाथ यांनी त्यावर टीका लिहिल्या, उदाहरणं सोडवून दाखवली.

‘आमच्याकडे हे सगळं आधीच होतं’ या पठडीत मला जायचं नाही. गणेशाला रेडिओ ठाऊक नव्हता आणि उपग्रहांचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या टेबलावर ‘ग्रहलाघव’ नव्हता. पण अडचण तीच होती. गणित जड, यंत्र तोकडं आणि वापरणारा साधा माणूस. म्हणून तोडगेही शेजारी शेजारी येऊन बसले.

१२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातून ऑस्कर-१ वर गेला. हौशी लोकांनी स्वतःच्या हातांनी बनवलेला हा पहिला उपग्रह, वजन साडेचार किलो. अमेरिकी हवाई दलाच्या रॉकेटमध्ये तोल साधण्यासाठी जे वजन ठेवायचं, त्याच्या जागी त्याला बसवलं होतं. १४४.९८३ मेगाहर्ट्‌झवर तो मोर्समध्ये ‘एच आय’ एवढंच म्हणायचा. चार टिंबं, मग दोन टिंबं. आतलं तापमान बदललं की टिंबांची लय बदलायची, त्यावरून खाली बसलेली माणसं उपग्रहाचं तापमान काढायची. बॅटरी तीन आठवडे चालली. तेवढ्यात २८ देशांतल्या ५७०हून अधिक हॅमनी ऐकल्याचं कळवलं.

कधी ऐकायचं हे त्यांना कागदावरून कळायचं. पुढे १९७२मध्ये ऑस्कर-६ आणि १९७४मध्ये ऑस्कर-७ गेले, त्यांचं आयुष्य वर्षांत मोजण्याइतकं लांबलं, आणि या कागदाला ‘ऑस्करलोकेटर’ असं रीतसर नाव पडलं. मधोमध उत्तर ध्रुव असलेला गोल नकाशा. त्यावर आपल्या गावाभोवती एक वर्तुळ. ऑस्कर-७ सुमारे १,४५० किलोमीटर उंचीवर असल्याने मुरगूडसाठी ते साधारण ३,९०० किलोमीटर त्रिज्येचं होईल. वर एक पारदर्शक पत्रा टाचणीने ध्रुवावर खोचलेला, त्यावर उपग्रहाच्या मार्गाची वक्ररेषा आणि मिनिटामिनिटाच्या खुणा. उपग्रहाने विषुववृत्त किती वाजता आणि कोणत्या रेखांशावर ओलांडलं, एवढे दोन आकडे बुलेटिनमधून मिळायचे. पत्रा फिरवून रेषा त्या रेखांशाला लावायची. ती वर्तुळात शिरते तिथे पास सुरू, बाहेर पडते तिथे संपला. पुढच्या फेरीला पत्रा पश्चिमेकडे २८.७ अंश सरकवायचा, कारण उपग्रहाच्या ११५ मिनिटांच्या फेरीत खालची पृथ्वी तेवढी फिरलेली असते. यात प्रोग्राम नाही, वीजही नाही. टाचणी आणि कागदावर जगभरच्या हॅमनी दशकभर काम भागवलं.

ही सोय मोडली ती कक्षेमुळे. ऑस्करलोकेटर चालतो तो कक्षा जवळजवळ वर्तुळाकार असली तर. पण हॅम मंडळींना आता दहा मिनिटांचे पास पुरेनासे झाले होते. उपग्रह तासन्‌तास आभाळात दिसत राहावा, एका खंडातून दुसऱ्या खंडाशी निवांत बोलता यावं, म्हणून त्यांनी लांबट कक्षा निवडली. पहिला प्रयत्न मे १९८०मध्ये एरियान रॉकेटबरोबर समुद्रात गेला. जून १९८३मध्ये ऑस्कर-१० वर पोहोचला. एका टोकाला सुमारे चार हजार किलोमीटर उंची, दुसऱ्या टोकाला पस्तीस हजारांच्या वर. फेरी सुमारे बारा तासांची. जवळ असताना तो पळतो, दूर गेला की रेंगाळतो. मंगळाचं मंदफल जास्तीत जास्त अकरा अंशांच्या आसपास असतं. या उपग्रहाचं काढलं तर ते सत्तर अंशांच्या पुढे जातं. टाचणीच्या पत्र्यावर हे कसं मांडणार?

इथे केप्लरचं समीकरण सोडवण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि ते समीकरण सरळ सुटत नाही. उत्तराचा अंदाज धरायचा, चूक किती ते पाहायचं, अंदाज सुधारायचा, पुन्हा पाहायचं. आपल्या सिद्धांतकारांकडे अशा पुनःपुन्हा करायच्या गणिताला असकृत्कर्म म्हणत. माणसाला याचा कंटाळा येतो. नेमका त्याच सुमाराला कंटाळा न येणारा एक प्राणी, घरगुती संगणक, घरोघरी येऊ लागला होता: सिंक्लेअर, कमोडोर, बीबीसी मायक्रो.

टॉम क्लार्क हे नासाच्या गोडार्ड केंद्रातले रेडिओ खगोलशास्त्रज्ञ, आणि हौशी उपग्रहांची संस्था ‘ॲमसॅट’ हिचे १९८०च्या दशकातले अध्यक्ष. त्यांनी बेसिक भाषेत लिहिलेला प्रोग्राम १९८१च्या सुमाराला छापून आला. लोकांनी मासिक शेजारी ठेवून तो ओळ ओळ टाइप केला, आपापल्या यंत्राच्या बोलीप्रमाणे बदलला, मित्राला कॅसेटवर दिला. पुढच्या कितीतरी प्रोग्रामांचा वंश तिथे सुरू होतो.

गणेशाची जुनी अडचण इथे जशीच्या तशी उभी राहिली. त्या काळच्या बऱ्याच बेसिकमध्ये संख्या सुमारे सात अंकांपर्यंतच नेमकी धरली जायची. दिवस फार मागच्या आरंभापासून मोजले, तर सातही अंक दिवसांतच खर्च होतात. तास, मिनिटं, सेकंद मावत नाहीत. सेकंदाला साडेसात किलोमीटर धावणारा उपग्रह अशा घड्याळाने कसा सापडावा? म्हणून प्रोग्राम लिहिणाऱ्यांनीही आरंभ अलीकडे ओढला: चालू वर्षाचा पहिला दिवस, किंवा उपग्रहाचे आकडे ज्या क्षणाचे आहेत तो क्षण.

इंग्लंडच्या जेम्स मिलर यांनी १९९०मध्ये ‘प्लॅन-१३’ प्रसिद्ध केला. कॉलसाइन जी३आरयूएच, हॅम मंडळी त्यांना या कॉलसाइननेच ओळखतात. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रोग्राम हाच. बीबीसी मायक्रोवर लिहिलेला, दोन-अडीचशे ओळींचा आणि वाचता येण्याजोगा. त्यातलं तारखेवरून दिवस मोजणारं सूत्रच घ्या. जानेवारी आणि फेब्रुवारी हे आदल्या वर्षाचे तेरावा आणि चौदावा महिना धरायचे, वर्षाला ३६५.२५ने आणि महिन्याच्या आकड्यात एक मिळवून त्याला ३०.६ने गुणायचं, दोन्हींतले अपूर्णांक टाकून द्यायचे, त्यात तारीख मिळवायची आणि ४२८ वजा करायचे. झाला अहर्गण. फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी ढकलला की लीप वर्षाचा जादा दिवस कुणाच्या पायात येत नाही. आणि ३०.६ कुठून आले? मार्च ते जुलै या पाच महिन्यांचे दिवस १५३, भागिले पाच. पुढच्या पाच महिन्यांचेही तेवढेच. कोष्टक नाही, अटींची रांग नाही, एक गुणाकार. ज्या-चापांना रजा देणाऱ्या माणसाला हा हिशेब पसंत पडला असता.

योगायोग असा की भारतात १९८४-८५मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी संगणक साक्षरतेची ‘क्लास’ योजना आणली, तिच्यासाठी निवडलेलं यंत्रही बीबीसी मायक्रोच होतं. म्हणजे इंग्लंडातल्या हॅमच्या टेबलावरचं यंत्र आपल्याकडे शाळेच्या कपाटात होतं. फक्त आपल्याकडचा हॅम त्या काळात परदेशी संच आणायचा म्हटलं तर आयातीच्या नियमांत अडकायचा आणि बहुतेकदा लष्कराच्या मोडीतले सुटे भाग जमवून स्वतःच काहीतरी जोडायचा.

अमेरिकेत फ्रँकलिन अँटोनियो यांनी १९८९मध्ये ‘इन्स्टंटट्रॅक’ काढला. हे क्वालकॉमच्या संस्थापकांपैकी एक. पीसीच्या पडद्यावर जगाचा नकाशा आणि त्यावर सरकणारे उपग्रह त्यांनी दाखवले, आणि प्रोग्रामच्या विक्रीचा पैसा ॲमसॅटला दिला. पुढच्या उपग्रहांच्या खर्चाला तो लागला.

प्रोग्राम झाला, पण त्याला वेळोवेळी नवे आकडे लागतात. उंच हवेचा घर्षणाने लागणारा ब्रेक, पृथ्वीचा फुगीर मध्य, सूर्य-चंद्राची ओढ यांमुळे कक्षा बदलत राहते. महिनाभर जुने आकडे घालून बसलं तर अँटेना रिकाम्या आभाळाकडे बघत राहते. पंचांगकर्त्यांना अशी आकड्यांची दुरुस्ती, म्हणजे बीजसंस्कार, ओळखीची आहे. केरूनाना छत्र्यांनी १८६०मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढली ती जुन्या आकड्यांचं गणित आणि आभाळ यांचा मेळ बसेना म्हणूनच. ग्रहांच्या बाबतीत ही तूट पिढ्यांनी दिसते, खालच्या कक्षेतल्या उपग्रहाच्या बाबतीत आठवड्यात.

हे ताजे आकडे अमेरिकी लष्कराच्या रडारांकडून येतात, आणि त्यांचा साचा आजही पंचकार्डांच्या जमान्यातला आहे: दोन ओळी, प्रत्येक ओळीत ६९ रकाने. क्षण, कक्षेचा कल, लांबटपणा, मध्यम गती, आणि शेवटचा अंक टाइप करताना झालेली चूक पकडण्यासाठी. हॅम यांना ‘केप्स’ म्हणतात. आरंभी ते नासाकडून टपालाने यायचे. अमेरिकेतलं डब्ल्यू१एडब्ल्यू हे केंद्र ते रेडिओवरून प्रसारित करायचं आणि ऐकणारा लिहून घ्यायचा. १९८५पासून टी. एस. केल्सो यांनी ते टेलिफोनवरून संगणकावर उतरवता येतील अशी सोय केली.

या दोन ओळींत एक मेख आहे. त्यातले आकडे ‘मध्यम’ आहेत, आणि ते ज्या गणिताने काढले त्याच गणिताने उलगडले तरच खरी जागा मिळते. एका सिद्धांताचे क्षेपक, म्हणजे आरंभीचे आकडे, घेऊन दुसऱ्याचं मंदफल लावलं तर ग्रह भलतीकडे जातो, तसंच. हे गणित, ‘एसजीपी४’, अमेरिकी हवाई संरक्षण यंत्रणेचं. डिसेंबर १९८०मध्ये हूट्स आणि रोहरिच यांच्या अहवालात ते फोरट्रानच्या ओळींसकट छापलं गेलं. लष्कराने आपलं गणित असं उघड छापलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. केल्सोंनी ते पास्कलमध्ये आणलं. सायप्रसच्या निओक्लिस किरियाझिस यांनी सी भाषेत. न्यू जर्सीच्या जॉन मॅग्लियाकेन यांचा ‘प्रेडिक्ट’ कमोडोर ६४वर जन्मला आणि पुढे लिनक्सवर गेला. डेन्मार्कच्या अलेक्सांद्रु सेते यांनी या सगळ्यांच्या कामावर ‘जीप्रेडिक्ट’ उभा केला, तो आज कुणीही फुकट उतरवून घेतो. प्रत्येकाने आधीच्याचं नाव राखलं, चुका दुरुस्त केल्या, आपलं थोडं घातलं. मल्लारी आणि विश्वनाथांनीही हेच केलं होतं.

मग आपला उपग्रह आला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याच्या नव्या दुसऱ्या तळावरून पीएसएलव्ही-सी६ सुटलं. कार्टोसॅट-१बरोबर त्यात ४२.५ किलोंचा हॅमसॅट होता. इस्रोने तो ॲमसॅट-इंडियाच्या सहकार्याने हौशी रेडिओवाल्यांसाठी बनवला. आत दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेलं बोलणं परत खाली पाठवणारे संच: एक भारतीय बनावटीचा, दुसरा विल्यम लायनार या डच विद्यार्थ्याने घडवलेला. कक्षेत गेल्यावर त्याचं नाव व्हीओ-५२ झालं. अपेक्षित आयुष्य दोन वर्षांचं. तो चालला जुलै २०१४पर्यंत.

हॅमसॅटचा पास मुरगूडवरून कसा जायचा ते जरा निवांत बघू. उंची सुमारे ६३० किलोमीटर, फेरी ९७ मिनिटांची, आणि दर फेरीला मार्ग २४ अंश पश्चिमेला सरकलेला. सकाळचे पास दहा-साडेदहाच्या अलीकडे-पलीकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे, रात्रीचे उलटे. अगदी माथ्यावरून गेला तरी क्षितिज ते क्षितिज तेरा मिनिटं, आणि पश्चिमेला राधानगरी-भुदरगडचे डोंगर असल्याने त्या बाजूच्या पासातली काही सेकंदं त्यांच्या वाट्याची. त्याच्या नजरेचं वर्तुळ २,७०० किलोमीटरांचं. मुरगूडच्या माथ्यावर असताना मस्कत आणि रंगून दोन्ही त्यात बसायची.

हातात अँटेना. पीव्हीसीच्या नळीवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे लावून केलेला यागीही चालतो. ४३५.२५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलायचं आणि १४५.९०च्या आसपास ऐकायचं. पण उपग्रह आपल्याकडे येत असतो तेव्हा त्याचा आवाज वरच्या पट्टीत येतो, दूर जाताना खालच्या. १४५.९वर हा फरक दोन्ही बाजूंना ३.३ किलोहर्ट्‌झपर्यंत, ४३५वर दहापर्यंत. बोलण्याचा पट्टा जेमतेम अडीच-तीन किलोहर्ट्‌झ रुंद, त्यामुळे डायल हलवली नाही तर माणूस बोलता बोलता दुसऱ्याच्या बोलण्यात शिरतो. हॅमसॅटचा ट्रान्सपाँडर पट्टा उलटा करून खाली पाठवायचा, म्हणजे वर जातानाची घसरण आणि खाली येतानाची घसरण एकमेकींतून वजा व्हायच्या. तरीही उरलेला साडेसहा किलोहर्ट्‌झचा हिशेब ठेवायला प्रोग्रामच लागे. तो उपग्रहाचा वेग सेकंदासेकंदाला काढून रेडिओची डायल स्वतः फिरवतो, आणि मोटर जोडली असेल तर अँटेनाही. फक्त घड्याळ नीट लावलेलं हवं, आणि जागतिक वेळेसाठी साडेपाच तास वजा करायचं भान हवं.

महाराष्ट्रातली तरुण पोरं यानंतर नुसती ऐकणारी राहिली नाहीत. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने गेला: एक किलोला दहा ग्रॅम कमी. मोटर नाही, इंधन नाही; आतल्या चुंबकांच्या जोरावर तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी स्वतःला जुळवून घ्यायचा. काम एका जागचा संदेश साठवून दुसऱ्या जागी उतरवण्याचं. तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबरला, पवईच्या आयआयटीचा दहा किलोंचा ‘प्रथम’ गेला. आयनांबरातले इलेक्ट्रॉन मोजायचे असल्याने त्याचा आवाज अनेक ठिकाणी ऐकला जाणं गरजेचं होतं, म्हणून त्या विद्यार्थ्यांनी इतर महाविद्यालयांनाही ग्राउंड स्टेशन उभारायला शिकवलं. हौशी रेडिओच्या इतिहासात मला हे उपग्रहाइतकंच मोलाचं वाटतं.

पीएसएलव्ही-सी३४मध्ये वीस उपग्रह होते. अशा सामुदायिक उड्डाणानंतर पहिले काही दिवस रडारला नुसते ठिपके दिसतात. कोणता ठिपका कुणाचा, ते कळत नाही. तेव्हा गणित उलटं चालवायचं. एका पासात आवाज मिनिटामिनिटाला किती घसरला ते नोंदवायचं, आणि ती वक्ररेषा कोणत्या ठिपक्याच्या केप्सशी जुळते ते बघायचं. १९५७मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख यांनी स्पुटनिकची कक्षा अशीच नुसत्या आवाजाच्या घसरणीवरून काढली होती. आता हे काम २०१२नंतर पसरलेल्या, टीव्हीसाठी बनलेल्या स्वस्त यूएसबी डाँगलवर कॉलेजातली मुलं करतात.

नोव्हेंबर २०१८मध्ये कतारचा एस्‌हेल-२ गेला, त्यावरही हौशी ट्रान्सपाँडर आहे. तो २५.९ अंश पूर्वेवर स्थिर. मुरगूडहून बघायचं तर पश्चिमेच्या जरा दक्षिणेला, क्षितिजापासून ३२ अंशांवर. डिश एकदा लावली की झालं. पास नाही, केप्स नाहीत, प्रोग्राम नाही. काही जणांना ही सोय बेचव वाटते, आणि मला त्यांचं पटतं.

बाकीच्या प्रोग्रामांपुढे सध्या वेगळाच पेच आहे. त्या ६९ रकान्यांत उपग्रहाच्या क्रमांकासाठी पाचच जागा आहेत. हॅमसॅटचा क्रमांक २८६५० होता; २०२४मध्ये क्रमांक साठ हजारांपुढे गेले, आणि आता एकेका रॉकेटमधून डझनावारी उपग्रह सुटतात. सहा आकडी क्रमांकांसाठी नवा साचा आलेला आहे, पण जुने प्रोग्राम कार्डाचीच ओळ वाचतात, तेव्हा कुणीतरी बसून ते दुरुस्त करायला हवेत. प्लॅन-१३चं तसं नाही. त्याला कक्षेचे आकडे दिले की पुरे, क्रमांक तो विचारतच नाही. तो आता आर्डुइनोच्या बोटभर पाटीवर चालतो आणि हातातल्या यागीला दिशा दाखवतो. त्याच्या तारखेच्या सूत्राची मुदत २८ फेब्रुवारी २१००ला संपते. मिलर यांनी तसा शेरा त्याच ओळीजवळ लिहून ठेवला आहे.